तळं नसताना अंड्यांसाठी बदकं पाळायची असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणात घरामागे तीन गुंठे परस आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, दहा-बारा गावठी कोंबड्या आधीपासून आहेत, पण तळं नाही. अंड्यांसाठी आठ-दहा बदकं ठेवता येतील का? कोणती घ्यावीत, पावसाळ्यात काय करायचं, आणि अंडी खरोखर किती मिळतील?

ठेवता येतील. अंडी घालण्यासाठी बदकाला पोहावं लागत नाही, त्यामुळे तळं नाही ही अडचणच नाही. घरगुती बदकपालन बिघडतं ते पाणी चुकीच्या जागी असल्यामुळे. दिवसा अंगणात भरपूर पाणी आणि रात्री खुराड्यात ठणठणीत कोरडं, एवढं जमलं की निम्मं काम झालं. बहुतेक घरांत उलटं होतं: दिवसा कोंबड्यांच्या उथळ भांड्यात दोन बोटं पाणी, आणि रात्री ओल्या तुसावर बसलेली बदकं. मग डोळे चिकटतात, पाय सुजतात, अंडी घाण होतात आणि दोष बदकांच्या जातीला दिला जातो.

पाणी

बदकाला डोकं पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतं, म्हणजे 12 ते 15 सेंटिमीटर खोल. ते खाताना चोचीत खाद्याचा लगदा साठतो, तो नाकपुड्यांत जातो, आणि डोकं पाण्यात घालून फुरफुरल्याशिवाय निघत नाही. डोळेही तसेच धुतले जातात. उथळ भांड्यातलं पाणी प्यायला पुरतं, पण आठ-दहा दिवसांत डोळ्यांभोवती चिकट फेस दिसू लागतो, नाकपुड्या बुजतात आणि मग डोळा बंदच होतो. कोंबड्यांसाठी मिळणारे निपल (चोच लावली की थेंब पडणाऱ्या तोट्या) लावून म्हणूनच भागत नाही.

घमेलं या कामाला थोडं उथळ पडतं. गुरांना आंबोण ठेवायचा 25-30 लिटरचा जाड टब घ्या, दहा बदकांना असे दोन. पाणी रोज सकाळी पूर्ण बदलायचं, उन्हाळ्यात दुपारीही. दहा बदकं पितात त्याच्या कितीतरी पट पाणी सांडतात आणि गढूळ करतात. दिवसाला पन्नास-साठ लिटर धरून चाला, उन्हाळ्यात दुप्पट. गढूळ पाणी पाहून दर तासाला टब ओतू नका. माती मिसळलेलं पाणी त्यांना बाधत नाही. शीट आणि सडकं खाद्य मिसळलेलं शिळं पाणी बाधतं.

टब ठेवायची जागा हा सगळ्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. टबाभोवती दोन दिवसांत चिखल होतोच, आणि बदकं त्या चिखलात चोच खुपसून त्याचा खड्डा करतात. म्हणून आधीच तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा खणा, त्यात तळाला मोठे दगड, वर गोल नदीची खडी भरा, आणि वर प्लॅस्टिकची भोकाची चटई किंवा बांबूच्या पट्ट्यांची ताटी टाकून त्यावर टब ठेवा. जांभ्याची फोडलेली खडी वापरू नका. तिच्या कडा तळपायाला चिरतात. खड्ड्यातून एक चर केळीच्या, अळूच्या किंवा माडाच्या आळ्याकडे काढा. बदकांचं पाणी झाडांना चांगलं मानवतं, पण हा सगळा प्रकार विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. हे अंतर पाळता येत नसेल तर बदकांची संख्या कमी करा, अंतर कमी करू नका.

आठवड्यातून दोन-तीनदा अंग बुडेल असा मोठा पसरट टब मिळाला की पिसं स्वच्छ राहतात. त्यासाठी प्लॅस्टिक अंथरून छोटं डबकं करायचा मोह टाळा. वाहतं पाणी नसलेलं डबकं दहा बदकं दोन-तीन दिवसांत हिरवं-काळं करतात. उन्हाळ्यात त्याच्या तळाशी कुजणाऱ्या गाळात बोटुलिझमचं, म्हणजे मान लुळी पाडणाऱ्या जिवाणूजन्य आजाराचं, विष तयार होतं. शेजारी कुणाचं मत्स्यतळं असेल आणि त्यांची हरकत नसेल तर गोष्ट वेगळी. मासे आणि बदकं एकत्र ठेवताना हेक्टरी 200 ते 300 बदकं हा हिशेब धरतात, म्हणजे पाण्याच्या एका गुंठ्याला दोन-तीन. त्याहून जास्त सोडली की पाण्यात खत जास्त होतं आणि पहाटे मासे वर येऊन श्वास घेऊ लागतात.

रात्रीची जागा

रात्री खुराड्यात पाणीही नको आणि खाद्यही नको. दोन्ही संध्याकाळी बाहेरच द्यायचं, पोटभर पिऊन झालं की आत घ्यायचं. रात्रभर पाण्याशिवाय बदकं निवांत राहतात. फक्त खाद्य आत ठेवलं आणि पाणी नसलं, तर कोरडा भरडा घशात अडकून बदक गुदमरतं. हा नियम दिवसालाही लागू: जिथे खाद्य, तिथे हाताच्या अंतरावर पाणी.

दहा बदकांना 6 फूट × 8 फूट जागा पुरते. फक्त रात्रीपुरती असेल तर दर बदकाला तीन चौरस फूट हे किमान; पण कोकणातल्या पावसात ती दिवसदिवस आत राहू शकतात, म्हणून साडेचार-पाच धरलेलं बरं. दिवसा फिरायला दर बदकाला पंधरा चौरस फुटांच्या वर मिळायला हवं. तीन गुंठ्यांत ते सहज बसतं. चिऱ्याचा फूट-दीड फूट उंच जोता करा, वर कोबा, त्यावर भाताच्या तुसाची दहा सेंटिमीटर जाडीची गादी. नुसत्या कोब्यावर बदक ठेवू नका. त्याचा तळपाय कोंबडीपेक्षा नाजूक असतो, आणि कठीण जागेवर सतत बसून-चालून तळव्याला गळू होतं, मधोमध काळी खपली दिसते. जोत्यावर चढायला पायऱ्या नकोत, खरबरीत पृष्ठभागाचा उतार हवा. आणि दार निदान अडीच फूट रुंद ठेवा. सकाळी दार उघडलं की दहाची दहा एकदम बाहेर धावतात. अरुंद दारात चेंगरून पाय मुरगळणं हे लंगडण्याचं नेहमीचं कारण आहे.

बदकाची शीट पातळ असते, त्यामुळे गादी कोंबड्यांपेक्षा खूप लवकर भिजते. रोज सकाळी ओले गोळे फावड्याने काढा, त्या जागी मूठभर कोरडं तूस टाका, आठवड्यातून एकदा सगळी गादी खालीवर करा. गादी बरी आहे की नाही हे उभं राहून कळत नाही. उकिडवं बसून बदकाच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. डोळ्यांत झोंबलं तर बदकं रात्रभर तोच अमोनिया ओढत आहेत.

भिंतीच्या वरच्या फूट-दीड फुटात चारही बाजूंनी जाळी मोकळी ठेवा. छपराची वळचण तीन फूट बाहेर काढा, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते त्या बाजूला झाप किंवा ताडपत्री बांधा. पण सगळ्या बाजूंनी ताडपत्री लपेटून बंद करू नका. बदकं गारठ्याने आजारी पडत नाहीत. कोंडलेल्या दमट हवेने पडतात.

बदक सहसा उंचावर बसत नाही, पाळीव बदक सहसा उडून झाडावर जात नाही, आणि पळण्यात ते कुणालाच हरवत नाही. म्हणून खुराडं मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि भटकी कुत्री या सगळ्यांना पुरून उरेल असं हवं. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीची जाळी पाखरांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. मोठ्या भोकातून धामण-नाग आत येतात आणि अंडी-पिल्लं गिळतात. खुराडं मातीवरच असेल तर जाळी फूटभर जमिनीत पुरा. घोरपड अंड्यांवर येते. तिला मारू नका, कायद्याने ती संरक्षित आहे. सकाळी अंडी वेळेवर उचलली आणि फटी बंद केल्या की ती येणं सोडते.

कोंबड्या अंधार पडला की आपसूक खुराड्यात जातात, बदकांचा भरवसा नसतो. नवीन आणलेली बदकं पहिले आठ-दहा दिवस खुराडं आणि त्याला लागून कुंपण केलेल्या छोट्या जागेतच ठेवा. नंतर रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, दाराजवळ संध्याकाळचं खाद्य द्यायचं. लांब काठी आडवी धरून सावकाश हाकललं की अख्खा कळप ओळीने आत जातो. धावत मागे लागू नका. बदक धरायचं झालं तर पायाला धरून कधीच उचलू नका, पाय सांध्यातून निखळतो. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरून उचला.

कोणती बदकं आणि किती अंडी

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. 1900 च्या सुमारास इंग्लंडमध्ये अडेल कॅम्पबेल या बाईंनी रनर आणि रूआं या पाळीव जाती आणि जंगली मॅलार्ड बदक यांच्या संकरातून ही जात तयार केली, आणि तिचे गुणदोष त्या रक्तातूनच आलेत: भरपूर अंडी, चरायला चपळ, स्वभावाने बुजरी, आणि अंड्यांवर बसायला नाखूश. उत्तम व्यवस्थापनात वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. परसात, ऊन-पाऊस-कुत्री सगळं धरून, 200 ते 250 मिळाली तर तुमचं काम चांगलं चाललंय असं समजा. इंडियन रनर ही उभ्या बाटलीसारखी दिसणारी जात हिच्या खालोखाल. पांढरी पेकिन मुख्यतः मांसाची; अंडी देते, पण खाते फार. गावठी बदकं काटक असतात, अंडी मात्र शंभर-सव्वाशेच्या आसपास. तोंडावर लाल मांसल गाठी असलेलं मस्कोव्ही हे मुळात वेगळ्याच प्रजातीचं. ते अंड्यांवर उत्तम बसतं, पण अंडी कमी; आणि त्याचा इतर बदकांशी झालेला संकर वांझ निघतो, म्हणून पैदास करायची असेल तर एकत्र ठेवू नका.

खाकी कॅम्पबेलची खात्रीची पिल्लं बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत तयार होतात. आधी नोंदणी करावी लागते. आठवडी बाजारात ‘खाकी’ म्हणून मिळणारी बरीच पिल्लं मिश्र असतात. ती वाईट नसतात, पण त्यांच्याकडून तीनशे अंड्यांची अपेक्षा धरू नका.

खाण्याच्या अंड्यांसाठी नर लागत नाही. एकही नर नसला तरी माद्या तेवढीच अंडी देतात. पैदास करायची असेल तर पाच-सहा माद्यांमागे एक नर; जास्त झाले तर माद्यांच्या मानेची आणि पाठीची पिसं उपटली जातात, जखमा होतात. तुमच्याकडे कोंबड्या आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो: नर बदक मोकळं असेल आणि माद्या कमी असतील तर ते कोंबड्यांवर चढतं. बदकाला कोंबड्यासारखं नसून बाहेर येणारं लिंग असतं. त्याने कोंबडीला आतून इजा होते आणि ती दगावते. नर नसेल तर दिवसा बदकं आणि कोंबड्या एकाच परसात फिरायला हरकत नाही. रात्रीची खुराडी मात्र वेगळी ठेवा, कारण बदकांच्या ओलीने कोंबड्यांना श्वासाचे आणि जंतांचे त्रास होतात.

नर-मादी ओळखायला सहा-आठ आठवडे थांबा. मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ ओरडते ती मादी; नराचा आवाज घोगरा, बसल्यासारखा. नंतर नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळतात. एक दिवसाची पिल्लं न निवडता घेतली तर निम्मे नर निघणार, म्हणून दहा माद्या हव्या असतील तर वीस-बावीस घ्यावी लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर चार महिन्यांच्या, अंड्यावर येऊ घातलेल्या माद्या थोड्या महाग पडल्या तरी घ्या. सगळ्या एकाच ठिकाणच्या, एकाच वेळी.

खाद्य

खाकी कॅम्पबेलला वीस आठवड्यांपर्यंत साधारण साडेबारा किलो खाद्य लागतं. पुढे चरायला कितपत मिळतं त्यावर दिवसाला 120 ते 170 ग्रॅम. हिशेबाला 150 धरा: दहा बदकं, महिन्याला 45 किलो. चांगल्या महिन्यात 200 अंडी आली तर अंड्यामागे सव्वादोनशे ग्रॅम खाद्य पडलं. म्हणजे किलोचा भाव चाराने भागा, ढोबळ तेवढा एका अंड्याचा खाद्यखर्च. खाद्य चाळीस रुपये किलो असेल तर अंडं नऊ-दहा रुपयांना पडतं. गोगलगायी, गांडुळं, किडे, पाण्यावर वाढणारा अझोला, गवत यांतून जे मिळेल तेवढाच त्यातला खर्च वाचतो, म्हणून बदकं बंदिस्त ठेवून अंडी स्वस्त पडत नाहीत.

सर्वांत सोपं म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, म्हणजे लेअर खाद्य, त्यातही गोळी मिळाली तर उत्तम. भरडा असेल तर पाण्याने ओलसर करून द्या. कोरडा भरडा चोचीला चिकटतो आणि निम्मा पाण्यात जातो. ओलं केलेलं खाद्य दोन-तीन तासांत संपेल एवढंच करा. घरी करायचं असेल तर दहा किलोला हे प्रमाण चालतं: मक्याचा भरडा 4 किलो, तांदळाची कणी 1 किलो, बारीक कोंडा दीड किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, सुकी मासळी किंवा जवळा अर्धा किलो, शिंपल्यांचा चुरा 800 ग्रॅम, खनिज मिश्रण 170 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. यातून सुमारे साडेसतरा टक्के प्रथिनं आणि तीन टक्के कॅल्शियम मिळतं. वर पाकिटावरच्या प्रमाणात जीवनसत्त्वं मिसळा. मासळी वाढवली की खर्च वाचतो असं वाटतं, पण अंड्यांना वास येऊ लागतो. खारवलेली मासळी तर नकोच. जादा मिठाने शीट पाण्यासारखी होते आणि पिल्लं मरतात.

आता बदकांच्या खाद्यातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट: बुरशी. मका आणि शेंगदाणा पेंड यांवर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांच्या मानाने फारच कमी मात्रेत मारतं. ज्या पोत्यातलं खाद्य कोंबड्या निवांत खातात, त्याच पोत्यावर बदकांचं यकृत खराब होतं, अंडी घटतात, पिल्लांत मर लागते. म्हणून शेंगदाणा पेंड पूर्ण टाळा. पावसाळ्यात पंधरा दिवसांहून जास्त खाद्य भरून ठेवू नका, पोती जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नका, आणि कुबट वास आलेलं किंवा गोळे झालेलं खाद्य उन्हात वाळवून वापरू नका. वाळवल्याने बुरशी सुकते, विष तसंच राहतं.

अंड्यावर येण्याआधी लेअर खाद्य देऊ नका. त्यातला जादा चुना वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. नर ठेवले असतील तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. माद्या हवा तेवढा घेतात. आणि परसात खिळे, तारेचे तुकडे, स्टेपल पडू देऊ नका. चकाकणारी वस्तू बदक गिळतंच, आणि मग कारण न कळता झुरून मरतं. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या असतील त्या बागेत किंवा नुकत्याच फवारणी झालेल्या भातखाचरात बदकं सोडू नका.

पिल्लं घेतलीच तर

पहिल्या आठवड्यात 30-32 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी करत चौथ्या आठवड्यात 24 वर आणायची. तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहा: दिव्याखाली ढीग केला तर थंडी वाजतेय, भिंतीला लागून तोंड उघडं टाकलं तर गरम होतंय, विखरून झोपली तर बरोबर. पाण्याचं भांडं असं की चोच आणि नाकपुड्या बुडतील, पण अंग आत जाणार नाही. त्यात गोटे टाकून ठेवा. पिल्लू मुळात पाण्यातलं असलं तरी आईविना वाढवलेल्या पिल्लाच्या पिसांना तेल नसतं. ते भिजतं, गारठतं आणि मरतं. पूर्ण पिसं येईपर्यंत, म्हणजे सात-आठ आठवडे, त्याला पोहायला सोडू नका.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांचे पाय वाकडे होणं, गुडघ्यावर बसून चालणं. याचं कारण बहुधा नायसिन या जीवनसत्त्वाची (ब-3) कमतरता. बदकाच्या पिल्लाला किलो खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त. 20 ते 22 टक्के प्रथिनांच्या स्टार्टर (लहान पिल्लांच्या) खाद्यात किलोला 50 ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट पहिल्या दिवसापासून मिसळा. पाय वाकल्यावर सुरुवात केली तर लवकर पकडलेली पिल्लं सुधारतात, उशीर झालेली सुधारत नाहीत.

घरीच उबवायची असतील तर खुडूक गावठी कोंबडी हे सर्वांत भरवशाचं साधन. तिच्याखाली बदकाची आठ-नऊच अंडी ठेवा. अंडी जड असल्याने ती नीट उलटत नाही, म्हणून ती चरायला उठली की हाताने फिरवा, आणि शेवटच्या पंधरवड्यात रोज कोमट पाण्याचा हलका शिडकावा द्या. पिल्लं 28 दिवसांनी फुटतात, एकविसाव्या दिवशी अंडी फेकू नका.

अंडी

साडेचार-पाच महिन्यांत अंडी सुरू होतात. बदकं जवळजवळ सगळी अंडी पहाटे ते सकाळी नऊपर्यंत घालतात, आणि घरगुती पालनात याचा मोठा फायदा होतो: नऊपर्यंत बाहेर सोडायचंच नाही. उजाडताच सोडलेली बदकं अंडी झुडपात, चिखलात, कधी पाण्यात घालतात, आणि ‘अंडी बंद झाली’ अशी तक्रार होते. तीन माद्यांमागे 30 × 30 सेंटिमीटरचा आणि 45 सेंटिमीटर उंचीचा एक खोका, जमिनीलगत, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाशी कोरडा पेंढा. पेंढा रोज बदला. स्वच्छ अंडं म्हणजे कोरडं घरटं. धुण्याने ती उणीव भरून निघत नाही. थोडी माती लागली असेल तर कोरड्या खरबरीत घासणीने पुसा. धुवावंच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा कोमट घ्या, कारण थंड पाण्यात आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. धुतलेलं अंडं लगेच पुसून फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी वापरा.

अंडं 65 ते 75 ग्रॅमचं, बलक मोठा, पांढरा घट्ट. जास्त शिजवलं तर पांढरा रबरासारखा होतो, म्हणून मंद आंच. पण कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका. बदकांच्या अंड्यांत साल्मोनेला या जिवाणूचा धोका खरा आहे. बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. अंडाकरी, भुर्जी आणि केक यांना ती उत्तम.

अंडी देणं चालू राहायला चौदा तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, आणि पावसाळ्यात आभाळ भरलेलं. एक छोटा एलईडी दिवा पहाटे तीन तास लावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर बदकं अंधारात बिथरतात. अंडी अचानक थांबली तर याच क्रमाने शोधा: कुठे लपवून घालतात का, उजेड कमी झाला का, खाद्य बदललं किंवा कुबट आहे का, रात्री कुत्रं-मुंगूस येऊन घाबरवतंय का. बदक घाबरलं की अंडी दुसऱ्या दिवशीच घटतात, आणि जागा बदलली तर दोन-तीन आठवडे बंद राहू शकतात. पिसं गळत असतील तर मात्र काही बिघडलेलं नाही. दीड-दोन महिने प्रथिनं चांगली ठेवा, पुन्हा सुरू होतात. कोंबड्यांच्या तुलनेत बदकं दुसऱ्या वर्षीही समाधानकारक अंडी देतात, तिसऱ्या वर्षी विचार करा.

एखादी मादी शेपटी खाली करून सारखी कुंथत असेल, चालत नसेल, तर अंडं अडकलं आहे. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास पोट बुडवून बसवा, तोंडाने पातळ कॅल्शियम द्या. काही तासांत सुटलं नाही तर पशुवैद्य. आत बोट घालून अंडं फोडू नका.

आजार

बदकं कोंबड्यांपेक्षा काटक असतात, पण दोन रोग कळप संपवतात. डक प्लेग हा विषाणूचा: मोठी, अंड्यावरची बदकं अचानक मरतात, डोळे उजेड सहन करत नाहीत, हिरवट पातळ शीट, मेलेल्या नराचं लिंग बाहेर लोंबतं. औषध नाही, आठ ते बारा आठवड्यांच्या वयात लस हाच उपाय. दुसरा डक कॉलरा, जिवाणूचा. लवकर कळला तर पशुवैद्याच्या प्रतिजैविकाने थांबतो. मान लुळी पडून बदक उभं राहू शकत नसेल आणि आसपास सडकं पाणी किंवा मेलेलं जनावर असेल तर बोटुलिझमचा संशय धरा. सगळी बदकं लगेच त्या जागेवरून हलवा, स्वच्छ पाणी द्या.

बर्ड फ्लूबाबत बदकं फसवी असतात. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातली पहिली साथ कोंबड्यांत आली, तेव्हापासून कोंबड्यांची मर हीच लोक खूण समजतात. बदक मात्र विषाणू बाळगूनही ठणठणीत दिसू शकतं आणि शेजारच्या कोंबड्यांना देऊ शकतं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून हिवाळ्यात रानबदकं उतरतात अशा पाणवठ्यावर आपली बदकं नेऊ नका. एकाच वेळी तीन-चार पाखरं मेली तर कापू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. पशुसंवर्धन दवाखान्याला कळवा.

डक प्लेगची लस प्रत्येक दवाखान्यात तयार नसते. बदकं आणण्याच्या आधीच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मागणी नोंदवा. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा मिसळलेली लस दोन तासांच्या आत वापरावी लागते, म्हणून वाडीत अजून कुणाकडे बदकं असतील तर सगळ्यांचा दिवस एकच ठरवा. लस बर्फाच्या डब्यातूनच आणा, सकाळच्या गारव्यात टोचा, आणि त्या दिवशी आजारी दिसणारं बदक बाजूला ठेवा.